तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’

मी तंबाखू खात नाही, असं विम्याच्या कागदावर लिहून दिलं तेव्हा माझ्या उजव्या गालात सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा होता. कागद भरणारा माणूस समोरच बसला होता आणि त्याला तो दिसत होता. सुरुवात इथूनच करतो. स्वतःला सज्जन दाखवत बोलायची मला जुनी सवय आहे, ती पहिल्याच परिच्छेदात मोडलेली बरी.

मी मधुकर रामटेके, पवनी तालुक्यातल्या आसगावचा. पोस्टात सदतीस वर्षं नोकरी केली, शेवटची अकरा वर्षं सब-पोस्टमास्तर होतो. निवृत्तीनंतर पाचव्या वर्षी तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किरणं झाली, त्याला आता दीड वर्ष होत आलं. उजवीकडचा जबडा कापला आहे आणि मांडीचं मांस काढून गालाला लावलं आहे. जेवण मऊ लागतं. बाकी बरं चाललं आहे.

निवृत्त मित्रांचे फोन येतात. मास्तर, सरकारी कार्ड काढू की महिन्याचा भत्ता घेऊ, वरून बाहेरचा विमा घ्यावा का, किती पैसे जातात. आता मला हे सगळं पाठ आहे, मी सांगतो. पण फोनवर मी माझी हकीकत अर्धीच सांगत आलो. उरलेलं अर्धं तोंडाने सांगायची लाज वाटते म्हणून लिहून देतो आहे.

हजार रुपये

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होताना दवाखान्याच्या खर्चाबद्दल एक पर्याय लिहून द्यावा लागतो. जिथे केंद्राच्या आरोग्य योजनेचा दवाखाना नाही अशा आमच्यासारख्या गावी राहणाऱ्याला पेन्शनसोबत औषधभत्ता घेता येतो, महिन्याला हजार रुपये. नाहीतर त्या योजनेचं कार्ड काढता येतं. कार्डाची वर्गणी नोकरीतल्या पगारावरून ठरते. दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की नवरा-बायको दोघांना ते जन्मभर पुरतं, आणि त्यावर नागपूरच्या ठरावीक दवाखान्यांत भरती होता येतं. तिसराही एक पर्याय असतो. गोळ्या-औषधांसाठी भत्ता चालू ठेवायचा आणि भरतीपुरतं वर्गणी भरून कार्ड घ्यायचं. तो तिसरा पर्याय मी वाचलाच नाही. पहिल्या ओळीत हजार रुपये दिसले आणि मी सही करून मोकळा झालो.

दुसऱ्यांचे फॉर्म मी चष्मा लावून, बोट ठेवून वाचत असे. सगळं आसगाव माझ्याकडे कागद घेऊन यायचं. मास्तरने पाहिलं म्हणजे बरोबर आहे, असा माझा लौकिक होता आणि त्याचा मला गर्वही होता.

माझी बायको शशिकला गावात अंगणवाडी सेविका होती. पोरांचं वजन घेताना काटा थांबल्याशिवाय ती वहीत आकडा लिहीत नसे. एकदा तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या, कमी वजनाची पोरं फार दिसतात, जरा वाढवून लिहा. हिने वही त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, “तुमीच लिवा बाई, सही बी तुमीच करा.” बाईंनी विषय बदलला. असल्या बाईसोबत मी छत्तीस वर्षं संसार केला आहे, हे पुढचं वाचताना ध्यानात असू द्या.

ती म्हणाली, “कार्ड काढून ठेवा जी. नाही लागलं तं चांगलंच हाये.”

“मले काय होते? आजपावतो सलाईन नाही लागली. अन् नागपूरले कोण जाईन पडाले?”

“दुखणं काय इचारून येते का?”

तिची कटकट बंद व्हावी म्हणून मी म्हटलं की बाहेरच्या कंपनीचा विमा घेऊ, दोघांचा मिळून. तिचं समाधान झालं. ग्रॅच्युइटीचे पैसे मी पवनीच्या बँकेत ठेवले होते. ते तिला सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हटलं, खात्याकडेच अडकले आहेत, अजून निघाले नाहीत. घरात पैसा आहे हे कळलं की शंभर खर्च निघतात, असा माझा हिशोब. आमच्या पिढीतल्या पुष्कळ नवऱ्यांचा तोच असतो.

निमजे आला

निमजे हा पवनीचा विमा एजंट. त्याच्या बापाचा हातमाग मी पाहिलेला आहे. मागाच्या खोलीत आता टेबल आणि कागदांचा गठ्ठा असतो. पोरगा मेहनती आहे आणि माझा मान ठेवतो, कारण त्याच्या आजीची पेन्शन मी माझ्या हाताने देत आलो.

तो घरी आला, खुर्चीत बसला आणि एकेक रकाना विचारू लागला. शुगर, बीपी, ऑपरेशन. मग म्हणाला, “तंबाखू?”

“नाही.”

त्याने माझ्या गालाकडे पाहिलं. “मास्तर.”

“अबे, तंबाखू मनजे जो हातावर चोळून खाते तो. मी खर्रा खातो. त्यात सुपारीच जास्त रायते.”

“खर्रा लिवला तं तपासणी लागते जी. हप्ता बी वाढते. कंपनी नाही बी मनू शकते.”

“मंग नाही लिव.”

त्याने लिहिलं. मी सही केली आणि उठून अंगणात थुंकून आलो.

आमच्याकडे खर्रा कोणी व्यसनात धरत नाही. पोरगी पाहायला आलेले पाहुणे छातीला हात लावून सांगतात, आमच्या पोराला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, आणि पोरगा बाहेर पानठेल्यावर खर्ऱ्याची पन्नी घोटत असतो. पोस्टाच्या खिडकीवर म्हातारे पेन्शन मोजून घेत आणि पन्नी पुढे करत, “घ्या मास्तर.” नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटे. पहिली काही वर्षं मी स्वतःच्या पैशाने खर्रा घेतलाच नाही. पण हे सगळं सांगून मला सुटायचं नाही. खर्ऱ्यात तंबाखू असते हे मला माहीत होतं. निमजेला जे बोललो ते जाणूनबुजून बोललो, आणि मनात एवढंच होतं की हप्ता वाढू नये.

तीन बोटं

आधी तिखट झोंबू लागलं. मग मोठा घास जाईना. मी भात बोटांनी बारीक करून आत ढकलायचो आणि म्हणायचो, दाढ दुखते. शशिकलाने वेगळी भाजी, बिनतिखटाची, करायला सुरुवात केली. चार महिने मी ती खाल्ली आणि जेवण झालं की खर्रा खाल्ला.

शेवटी पवनीच्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, तीन बोटं उभी करून तोंडात घाला. माझी दोनही जाईनात. त्याने बॅटरी मारून पाहिलं, बॅटरी बंद केली, आणि स्वतःच फोन करून भंडाऱ्याच्या डॉक्टरची वेळ घेऊन दिली. तेव्हाच मला समजायला हवं होतं. भंडाऱ्याहून नागपूर. तिथे तपासायला गालातला तुकडा काढला.

रिपोर्टच्या दिवशी माझी मुलगी प्रज्ञा सोबत होती. ती नागपूरला शाळेत शिकवते. डॉक्टरांनी कागद तिच्याकडे दिला आणि माझ्याशी बोलले. कॅन्सर आहे, ऑपरेशन करावं लागेल, उशीर करू नका. प्रज्ञाने माझा हात धरला. तिला वाटलं मी मरणाला भ्यालो. खरं सांगतो, त्या वेळी मला मरण आठवलं नाही. निमजेचा तो रकाना आठवला. आपण पकडले जाणार, एवढंच डोक्यात आलं. मरणाची भीती रात्री आली, तिचा नंबर दुसरा लागला.

मी तिला काय सांगितलं

आमचं रेशनकार्ड पांढरं, त्यामुळे राज्य सरकारची योजना तेव्हा आम्हाला लागू नव्हती. केंद्राचं कार्ड मी काढलं नव्हतं. उरला निमजेचा विमा. दवाखान्यात भरती झालो, विम्याच्या टेबलावर कागद दिले, आणि ऑपरेशनच्या पाच दिवस आधी एक तरुण डॉक्टर माझी माहिती लिहून घ्यायला आला.

“काका, खर्रा किती वर्षं?” त्याने असंच विचारलं. खाता का, असं नाही.

“खात नाही.”

त्याने तोंडात पाहिलं, दात पाहिले. “बरं,” म्हणाला आणि काहीतरी लिहून निघून गेला.

शशिकला स्टुलावर बसली होती. दार लागल्यावर म्हणाली, “डॉक्टरले काहून खोटं सांगता? तो तुमाले बरं करून राहिला नं?”

मी तिला विम्याचं समजावलं. कंपनीचा माणूस चौकशीला येईल. तिलाही विचारेल. “तू बी नाहीच मनजो.”

“मी?”

“एकडाव. एकडाव मनून दे.”

“माह्यानं नाही होत जी ते.”

इथे मी थांबायला पाहिजे होतं. मी म्हटलं, “मंग पैसे नाही भेटत. पैसे नाही तं ऑपरेशन नाही. बसजो मंग मले पाहत.”

पैसे होते. पवनीच्या बँकेत ऑपरेशन पुरून उरेल एवढी ठेव होती आणि पासबुक माझ्या पेटीत होतं. माझा जीव त्या ठेवीत अडकला होता आणि मी तिला माझ्या जिवाची भीती घातली.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. तरुण, सभ्य, पाठीवर बॅग. माझ्याशी बोलला, मग म्हणाला, “काकू, जरा बाहेर येता?” दाराला काचेची पट्टी होती. त्यातून मला शशिकला दिसत होती. हाताची घडी घालून उभी होती. त्याने काहीतरी विचारलं. तिने मान हलवली, उजवीकडे, डावीकडे. त्याने कागद पुढे केला आणि तिने सही केली.

आत येऊन ती मोसंबी सोलायला लागली.

“काय इचारलं?”

“तेच.”

ती रोज सकाळी हात जोडून हळू आवाजात वंदना म्हणते. दवाखान्यातही म्हणायची, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून. इतकी वर्षं मी ते अर्धवट झोपेत ऐकत आलो. दुसऱ्या सकाळी पंचशीलातली पहिली तीन शीलं झाली आणि आवाज थांबला. चौथं शील खोटं न बोलण्याचं असतं. मी डोळे मिटून वाट पाहिली. मग ती पाचवं म्हणाली. डोळे उघडायची माझी हिंमत झाली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच, आणि ऑपरेशनच्या सकाळीही तसंच. त्या सकाळी मी तरी तिच्याशी काही बोलायला पाहिजे होतं. तोंड होतं तेव्हा.

पाटी

ऑपरेशन नऊ तास चाललं असं नंतर सांगितलं. जाग आली तेव्हा नाकात नळी, गळ्यात नळी, मांडीला पट्टी. बोलणं बंद. प्रज्ञाने पोरांची असते तशी पाटी आणून दिली.

दिवस कसे जातात ते सांगतो, ज्यांना जायचं आहे त्यांना उपयोगी पडेल. पहाटे तोंड धुतात, नळीने, आणि ते दुखतं. मग नळीतून पेज, दूध, पाणी, दर दोन-तीन तासांनी. शशिकलाने दोन दिवसांत ते शिकून घेतलं. पेज गाळताना एक कणी राहू देत नसे. आरसा मागू नका, आठ दिवस तरी. लाळ गळते, ती आपली आहे हे मान्य करायला वेळ लागतो. वॉर्डात एक मावशी होत्या. माझं तोंड पुसताना त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. गप्पा मारत पुसायच्या, सुनेची तक्रार करत, जणू भांडं पुसतात. त्या उपकाराची फेड कशी करणार.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पाटीवर लिहिलं, ‘रागावली?’

शशिकलाने वाचलं आणि ओल्या फडक्याने पाटी पुसली. “झोपा आता,” म्हणाली.

नंतर एकदा लिहिलं, ‘मी कंपनीला खरं सांगतो.’

“कवा?”

खरं म्हणजे मला विमा मंजूर व्हायला हवा होता. मंजूर झाल्यावर खरं सांगू, असला काहीतरी मूर्खपणा डोक्यात होता.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी बिलाच्या खिडकीवर सांगितलं की कंपनीची चौकशी चालू आहे, तुम्ही बिल भरा, मंजूर झालं तर पैसे परत मिळतील. प्रज्ञा वळून मला म्हणाली, “बाबा, पवनीची ठेव मोडूया मग. तिच्यातून सगळं भागेल.” तिला ठेवीचं माहीत होतं, कारण वारस म्हणून तिचं नाव लावलं होतं.

शशिकला म्हणाली, “कोणती ठेव?”

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पाटी होती. मी ती पालथी धरली.

“किती दिवसाची हाये?” तिने मुलीला विचारलं.

“निवृत्त झाले तेव्हापासूनची. आई, तुला माहीत नव्हतं?”

“नाही,” शशिकला म्हणाली. एवढंच. ती माझी पिशवी उचलून बाकावर जाऊन बसली. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर फार बरं झालं असतं.

भिंतीआधी छप्पर

किरणं चालू होती तेव्हा प्रज्ञाने सगळे सरकारी कागद बसून वाचले. तिच्याकडून मला समजलं ते तुमच्यासाठी इथे लिहितो.

भत्ता सोडून कार्डावर जाता येतं, पण पर्याय आयुष्यात एकदाच बदलता येतो. उशीर झाला तरी बदला. कार्ड यायला वेळ लागतो, आजार थांबत नाही. आम्ही अर्ज केला, वर्गणी भरली, कार्ड आलं तोवर किरणं संपली होती. ती पदरच्या पैशाने झाली. नंतरच्या तपासण्या आता कार्डावर होतात. कार्ड असलं तरी सगळं फुकट नसतं. खोली तुमच्या पगारावरून ठरते, ऑपरेशनचे दर सरकारने ठरवलेले असतात, आणि त्या दरात न बसणाऱ्या काही गोष्टी खिशातून जातात. त्यासाठी वरचा विमा घ्यायचा. तो एका रकमेच्या पुढे सुरू होतो म्हणून त्याचा हप्ता कमी असतो. आधी कार्ड, मग वरचा विमा. मी नुसता बाहेरचा विमा घेतला आणि खाली काहीच नव्हतं. प्रज्ञा म्हणाली, बाबा, तुम्ही भिंती न बांधता छप्पर टाकलंत.

आणि फॉर्मवर खरं लिहा. हप्ता वाढला तर वाढू द्या. नाही म्हणाले तर ते आजच म्हणतील, ऑपरेशनच्या टेबलावर म्हणणार नाहीत. हे मी सगळ्यांना सांगतो, पोपटासारखं.

रजिस्टर

कंपनीचं पत्र रजिस्टरने आलं. घेऊन आला भोजराज पोस्टमन, माझ्या हाताखाली अकरा वर्षं होता. रजिस्टर पत्रात बहुतेक काय असतं ते आम्हा दोघांनाही माहीत. त्याने सही घेतली, चहाला थांबला नाही.

दवाखान्याच्या केसपेपरवर त्या तरुण डॉक्टरने लिहून ठेवलं होतं: खर्रा, बरीच वर्षं, रुग्ण नाकारतो. दात पाहून लिहिलं असणार. कंपनीने तो कागद मागवला. दावा नामंजूर, पॉलिसी रद्द, दोघांचीही. शशिकलाला शुगर आहे, आता या वयात तिला बाहेर कोण विमा देणार, तिचाही गेला. मी खरं सांगण्याआधीच पकडलो गेलो. त्यामुळे मी खरं सांगितलं असतं की नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. बहुतेक नसतं सांगितलं.

पत्रात शेवटून तिसरं वाक्य असं होतं की विमाधारकाच्या पत्नीने लेखी दिलेला जबाब असत्य आढळला. त्याच्यापुढे तिचं नाव, पूर्ण. शशिकला मधुकर रामटेके.

मी ते पत्र तिला वाचून दाखवलं आणि ते वाक्य गाळलं. मग पत्र पेटीत खाली ठेवलं.

भंडाऱ्याची बैठक

निवृत्त लोकांची दर महिन्याला भंडाऱ्याला बैठक भरते. गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं, तुमचा अनुभव सांगा म्हणून. माझं बोलणं बाहेरच्यांना चटकन समजत नाही. शब्द ओले येतात, अर्धे गालातच राहतात. घरात शशिकलाला सगळं समजतं. म्हणून आम्ही असं ठरवलं की मी एक वाक्य बोलायचं आणि तिने ते लोकांना मोठ्याने सांगायचं.

चाळीसेक माणसं होती, काही जोडीने आलेली. मी माझं सगळं सांगितलं. हजार रुपयांचं, निमजेचं, डॉक्टरला खोटं बोललो त्याचं. ती एकेक वाक्य सांगत गेली, माझ्यासारखंच, ‘मी’ म्हणून. “मी खर्रा खायचो. मी तंबाखू नाही मनून लिवून देल्लं.” लोक ऐकत होते. मला जरा हलकं वाटू लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा मोठेपणाही वाटू लागला होता.

मग मी म्हटलं, कंपनीचा माणूस आला, चौकशी करून गेला, आणि नंतर पत्र आलं.

ती म्हणाली, “कंपनीचा माणूस आला.” आणि थांबली. पुढचं वाक्य मी बोललेलो नव्हतो.

“त्यानं मले इचारलं. मी खोटं सांगतलं. मी सही बी केली. पैसे नाही भेटले तं ह्यायचं ऑपरेशन होणार नाही असं मले सांगतलं होतं ह्यायनं, अन् पैसे घरात होते. पन बोलली मीच. पत्रात माहं नाव हाये. मी वाचलं ते.”

पेटी आवरताना वाचलं असेल. मला माहीत नव्हतं. समोर बसलेल्या एका बाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याने खाली पाहिलं.

मी बोलायचा प्रयत्न केला. लाळ आली, रुमाल लावला, पुन्हा बोललो. माझं चुकलं शशिकला, तुला मी वापरलं, मला माफ कर. एवढंच होतं, पण ते रडत बोललो म्हणून आणखीच बिघडलं. कोणालाच काही समजलं नाही. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी विचारलं, “मास्तर काय मनून राहिले, वहिनी?”

तिला समजलं होतं. माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले होते तिचे. तिने ते लोकांना सांगितलं नाही.

“कार्डाचं सांगा आता,” ती मला म्हणाली. “लोकायले गाड्या पकडाच्या हायेत.”

मी कार्डाचं पहिलं वाक्य बोललो. तिने ते सांगितलं.